उलट बाजू

दुकानाची पायरी फुटली
तेव्हा पनिहारच्या खाणीतून दगड आणला.
त्याच्या भेगेत ही चिमूटभर कतरण होती,
तपकिरी, आवळलेली,
गाठ मारून फेकलेल्या दोऱ्यासारखी.
मिस्तरी म्हणाला, सूखी घास है जिज्जी, छैनी मारूँ?
म्हटलं, थांब.
का म्हटलं, ठाऊक नाही.
हातात धार असलेल्या कुणालाही
थांब म्हणायची मला सवय आहे.

भेगेसकट टवका निघाला.
पितळी ताटलीत विटेचा चुरा, मूठभर पालापाचोळ्याची माती,
बॉबिनच्या डबीची दोन झाकणं पाणी.
रात्रीतून काही झालं नाही.
दुसऱ्या दिवशी, भदौरियाबाईंच्या बाहीचं माप
तिसऱ्यांदा चुकत असताना,
मुठी सुटल्या.

नेचा होता.
वरून हिरवा, साधा, पॉपलिनसारखा.
उलट बाजूला पांढरा,
माझा खडू जसा, बोट फिरवलं की बोटाला लागणारा.
आणि पानाचा काठ आत दुमडलेला,
इतकी बारीक तुरपाई
चाळीस वर्षांत माझ्या हातून झाली नाही.
दुमडीत तपकिरी कण,
खसखशीहून लहान.

फूल कधी येतं, गिऱ्हाइकं विचारतात.
नाही येत.
मग ठेवता कशाला?
मी तोंडात टाचण्या धरते.

मे महिन्यात लष्करमध्ये शटरला हात लावता येत नाही.
कूलर दमट वारं फेकतो, नेचा त्याच्या वाटेत नको.
खिडकीचा कोपरा बरा,
आठ वाजेपर्यंतचं तिरकं ऊन, पुढचं नाही.
पाणी पानांवर नाही,
कडेनं, दगडाला विचारून,
दहा दिवसांनी, कधी बारा.
तो मिटतो, पांढरी बाजू बाहेर काढतो,
ऊन आल्या पावली परत पाठवतो.
तेव्हा घाबरायचं नाही.
एवढं शिकायला मला दोन उन्हाळे लागले.

गुड्डन काज-बटणं शिकायला आली फेब्रुवारीत.
मुरारहून टेंपोनं यायची,
डबा आणायची, न उघडता परत न्यायची.
मी विचारलं नाही.
तिनं सांगितलं नाही.
मला वाटायचं, हीच रीत बरी.

जूनमध्ये ताटलीला वास आला.
दगडाखाली पाणी साचलेलं, अर्धी मुळं काळी.
मी जेवायला उठले की ती घालत होती,
रोज, पेलाभर.
ओरडले. लाडानं मारशील त्याला!
तिनं सुई कापडात खोचली.
म्हणाली हिंदीत, मला ऐकू आलं मराठीत:
त्याला मागायचं असेल
तरी ते बोलणार कसं?

मशीनवरचा पाय थांबला.
छाती, कंबर, मुंढा,
किती बायकांची मापं ह्या वहीत आहेत,
आणि एकीलाही मी
श्वास सोड असं म्हटल्याचं आठवेना.

कुजलेलं कापलं.
विटेचा चुरा तिनं चाळला, माझ्यापेक्षा बारीक.
तीन पानं उरली.
दुपारी डबा उघडला. भेंडी होती,
मीठ जास्त.
अर्धी मला.

कापलेल्यातलं एक पान
भदौरियाबाईंच्या जांभळ्या रेशमावर पडलेलं.
उचललं तर खाली पांढरा ठसा,
शीर न् शीर, काठाच्या दातऱ्यांसकट.
गुड्डन वाकली, नीट पाहिलं,
आणि म्हणाली, इथूनच कापायचं का?

तिचे पुढचे दात किंचित तिरके आहेत,
हे मला आज कळलं.

झटकायला ब्रश घेतला.
मग बाजूला ठेवला.
भदौरियाबाईंचा फोन आला,
सांगितलं, अस्तर आटलंय, दोन दिवस लागतील.